पाटावरून उठताना

गेल्या पोळ्याला माय देवापुढं नैवेद्य दाखवायला पाटावर बसली आणि तिला उठताच येईना. मी आणि बायकोनं काखेत हात घालून तिला उभं केलं. ती एक शब्द बोलली नाही. पदरानं डोळे पुसत खाटेवर जाऊन पडली. वय 74. रोहिणखेडच्या शिवारात जन्मभर कापूस वेचला, डोक्यावर सरपण वाहिलं, त्या पायांत जोर उरला नव्हता.

चूक आमची होती. चार वर्षं आम्ही तिला खाली बसू दिलं नाही. डाळ निवडायची तर सूप खाटेवर, जेवणाचं ताट हातात, पाण्याचा तांब्या उशाशी. मायेपोटी केलेल्या या सेवेनं तिच्या मांड्या वाळत गेल्या.

गावात जो तो सांगे, चालव तिला. ती चालतच होती; 1582 साली खुदावंतखानानं बांधलेल्या दगडी मशिदीपर्यंत रोज जाऊन यायची. पण सपाटीवर चालून उठण्याबसण्याची ताकद येत नाही, हे मला बुलढाण्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे कळलं. त्यांनी मायला खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. चार वेळा. या वयाच्या बाईला दहाही जमत नसतील तर पडण्याचा धोका जास्त धरतात.

"मले काय पहिलवान करता का आता?" माय म्हणाली. 1990 साली अमेरिकेत बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, हे मी तिला सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही. पण पाटावर पुन्हा बसायचं होतं, म्हणून तयार झाली.

प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली, नाहीतर ती मागं सरकते. वर गोधडीच्या दोन घट्ट घड्या ठेवल्या, कारण बैठक उंच असली की उठणं सोपं जातं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं, अंग पुढं झुकवायचं, मग उठायचं. आणि बसताना धपकन नाही, सावकाश. खरी मेहनत त्या सावकाश बसण्यात आहे. आकडे मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडत नाही. पाच वेळा, थोडा दम, पुन्हा पाच. मग चौकट धरून टाचा उचलायच्या, भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं. मांडी भरून आली तर चालेल. गुडघ्यात कळ आली किंवा चक्कर वाटली की थांबायचं. तिला बीपीची गोळी आहे, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलं होतं.

दिवाळीला एक घडी काढली, संक्रांतीला दुसरी. मग बुटका स्टूल. जमिनीवरून उठायचं वेगळं शिकवलं: आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, हात खाटेच्या माच्यावर, धडधाकट पाय पुढं.

चैत्रात कुरड्या घालायला आळीतल्या बाया जमल्या. माय त्यांच्यात पाटावर बसली, तासाभरानं खाटेला धरून स्वतःची स्वतः उठली आणि पाणी प्यायला आत गेली. तांब्या आता उशाशी नसतो, माठापाशी असतो.