कोंबड्या, जंत आणि माझा वीकएन्ड

आमच्या ऑफिसात शुक्रवारी वीकएन्डचे प्लॅन विचारायची पद्धत आहे. कुणी पेंचला निघतो, कुणी फुटाळ्यावर. मी म्हटलं, ‘कोंबड्यांना जंताचं औषध पाजायचंय.’ अख्खं कॅन्टीन हसलं. हसा लेको!

मानेवाड्याच्या घरामागे आईच्या नऊ कोंबड्या आहेत. बाबा गेल्यापासून तिचा दिवस त्यांच्यामागेच जातो. पावसाळ्यात त्या एकेक करून सुकायला लागल्या. दाणे खायच्या, पण छातीचं हाड हाताला लागायचं. तुरे फिके, अंडी निम्म्यावर. त्यातच एक मेली. मी पडलो प्रॅक्टिकल. म्हटलं, ‘आई, देऊन टाक ना सगळ्या. अंडी काय, दुकानातही मिळतात.’ ती काहीच बोलली नाही. रात्री जेवलीही नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली, की विषय अंड्यांचा नव्हताच!

दुसऱ्या दिवशी डबीत शीट घेऊन सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. १९५८ सालचं कॉलेज. समोरून शंभरदा गेलो असेन, आत पहिल्यांदाच. तपासणीत गोल जंतांची अंडी सापडली. औषध मिळालं पायपरेझिन. ते जंतांना लुळं करतं, मग ते शीटेबरोबर बाहेर पडतात.

शनिवारी रात्री पाण्याची भांडी उचलली. डोस वजनावर ठरतो, म्हणून रविवारी भल्या सकाळी एकेकीला पिशवीत घालून काट्याला टांगलं. ‘हळू रे बाप्पा, लॅपटॉप नाही तो!’ आई ओरडली. मग औषधाचं पाणी ठेवलं. तहानलेल्या आठही जणी तुटून पडल्या. नंतर शीटेत शेवयांसारखे जंत दिसले आणि माझा नाश्ता राहिला तो राहिलाच.

वाटलं, टास्क कम्प्लीट. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. हे औषध मुख्यतः मोठ्या जंतांवर चालतं. अंगणात पडलेली अंडी दोनेक आठवड्यांत तयार होतात, कोंबडी ती टिपते आणि पाच ते आठ आठवड्यांत पोटात पुन्हा मोठे जंत! ओल्या, सावलीतल्या मातीत ही अंडी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे सांगितलेल्या तारखेला दुसरा डोस, खुराड्यात कोरडं तूस, पाण्याचं भांडं विटांवर आणि झाडू रोज. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस अंडीही खायची नाहीत. शेजारच्या पोरांना ‘नाही’ म्हणताना आईचा चेहरा बघवत नव्हता.

आता रविवारी खुराडं मी झाडतो. आई पायरीवर बसून सूचना देते. मध्येच बाबांचं काहीतरी सांगते, जे तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं. झाडायला वीस मिनिटं लागतात. मी तासभर लावतो.

आणि ऑफिसातले? हसतात अजून. पण निघताना हळूच विचारतात, ‘गावठी अंडी मिळतील का रे?’ नंबर लावा म्हटलं. शेजारची पोरं पुढे आहेत.