कान पाडलेलं जनावर

दिवाळीची आवराआवर करताना नांदेडच्या घरी कपाटाच्या तळाशी जुना पीएसपी, हातात धरायचा गेम, सापडला. मागचं झाकण आपोआप वर आलं होतं. आतली बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की तिच्यात वायू साचतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. भाऊ म्हणाला, "टाक ते डबडं." आई स्टुलावर बसून पितळेचे डबे पुसत होती. ती म्हणाली, "त्यातच ती कोंबडी होती ना गं तुझी?"

एवढ्या वर्षांनी आईला यंत्र आठवलं नाही, कोंबडी आठवली.

ती कोंबडी म्हणजे यान कुट-कू. 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट' या खेळात नवशिक्या शिकाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीलाच येणारं मोठं धूड. अंगावर गुलाबी खवले, रुंद चोच, डोक्यामागे उघडमीट होणारे भलेमोठे कान. उडतं, आग ओकतं, पण मान पुढंमागं हलवत चालायला लागलं की आब राहत नाही. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच निकाल दिला होता, "राक्षस कुठला, ही तर कोंबडी हाय."

साल २००९, मी अकरावीला. लोहा तालुक्यातलं गाव, घर, दोन म्हशी आणि शेळ्या बाबांच्या आणि आजीच्या हवाली करून आई माझ्याबरोबर लातूरला खोली घेऊन राहिली होती. आमच्या गल्लीत अशा कितीतरी आया होत्या. उदगीरच्या, अहमदपूरच्या, मुखेडच्या, कंधारच्या. सगळ्यांची पोरं एकाच कामाला लागलेली आणि सगळ्या आया एकाच वेळी डबे भरणाऱ्या. खोली एकच. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात माझं टेबल. पीएसपी मामेभावाचा. पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर त्यानं लॅपटॉप घेतला आणि हा माझ्या गळ्यात घातला. कार्डात खेळ मोबाईलच्या दुकानदारानं भरून दिलेले. त्यातले बाकीचे सगळे मोटारींचे आणि गोळीबाराचे होते.

लोडशेडिंगचे दिवस होते. त्या रात्री लाइट नव्हती आणि खोलीत उजेड होता तो फक्त पडद्याचा. आई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत पडली होती आणि माझ्या खांद्यावरून बघत होती. माझ्याजवळची सगळी औषधं संपली होती, तलवारीची धार गेली होती, आणि कुट-कू एकदम वळून लंगडत निघालं. मी उठूनच बसले. लंगडलं म्हणजे संपत आलं, आता ते घरट्यात जाऊन झोपणार, झोपेत गाठायचं. तेवढ्यात आई म्हणाली, "लंगडायलंय की गं ते. आन् कान बघ, पाडलेत त्यानं. सोड की आता."

कान मी पाहिलेच नव्हते. खेळात ते मुद्दाम तसे केलेले आहेत. कुट-कू मरणाच्या जवळ आलं की त्याचे कान मिटतात आणि मिटलेलेच राहतात. आईला पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. पण तिनं आयुष्यभर दावणीची जनावरं पाहिली होती. म्हशीनं कान पाडले की डॉक्टरला निरोप धाडायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीतल्या कुणीतरी कधीतरी आजारी जनावर जवळून पाहिलेलं असणार. त्याशिवाय हे कान असे पडले नसते. तो माणूस आणि माझी आई यांची गाठ पडली असती तर भाषेवाचून अडलं नसतं.

हातात धरायच्या खेळाशी माझी ओळख त्याच्या बरीच आधीची, माळेगावच्या जत्रेतली. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार एका बाजूला आणि खेळण्यांची पालं दुसऱ्या बाजूला. तिथं बाबांनी करड्या रंगाचा ब्रिक गेम घेऊन दिला होता. वर लिहिलेलं '९९९९ इन १', आत खेळ मोजून पाच-सहा आणि बाकी सगळी त्यांचीच पिलावळ. त्यातल्या रणगाड्याला शत्रू म्हणजे चार काळे चौकोन. चौकोन लंगडत नाही. गोळी लागली की नाहीसा होतो.

त्याच जत्रेत आजीनं मणी आणि मल्लाची गोष्ट सांगितली होती. खंडोबानं दोघा दैत्यांना मारलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मल्हारी माहात्म्यात पुढं असं आहे की मरता मरता मणीला पश्चात्ताप झाला आणि त्यानं देवाजवळच राहायचा वर मागितला. म्हणून जेजुरीला त्याचीही पूजा होते. ज्याला मारलं त्याला दारातून हाकलून दिलं नाही, जवळ ठेवून घेतलं. आजीला हे काही विशेष वाटत नव्हतं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. वैऱ्याला कशाला नैवेद्य?

मॉन्स्टर हंटर खेळताना ते थोडं थोडं कळायला लागलं. या खेळात शिकारी कधीच बलवान होत नाही. इतर खेळांत मारामाऱ्या केल्या की आपला गडी आपोआप पायऱ्या चढत जातो. इथं तसं काही नाही. पडलेल्या धुडाजवळ बसून सुरी चालवायची, खवले, कवच, नखं काढायची आणि त्यांचंच चिलखत, त्यांचंच हत्यार करून घ्यायचं. कुट-कूला मारायचं आणि कुट-कू अंगावर घालून पुढच्याच्या शिकारीला जायचं. बाकी जे काही वाढतं ते खेळणाऱ्याच्या हातांत आणि डोळ्यांत. डाव्या हाताचा अंगठा चालायच्या खुंटीवर आणि तर्जनी वाकडी करून कॅमेऱ्याच्या बटणांवर, अशी एक चमत्कारिक पकड सगळे खेळणारे शिकतात. माझंही बोट रात्री दुखायचं. आई तेल लावून द्यायची. तिला वाटायचं, लिहून लिहून दुखतंय.

आणखी एक होतं. जनावरात किती जीव उरलाय ते सांगणारी पट्टी या खेळात नव्हती. आकडा नाही, टक्केवारी नाही. पन्नास मिनिटांचा वेळ, आणि तीनदा पडलात की शिकार संपली. पडल्यावर मांजरं आपल्याला हातगाडीवर घालून आणतात आणि तळावर ती गाडी उलटी करतात. आई त्याला हमखास हसायची. जनावर थकलंय का, चिडलंय का, आता शेपूट फिरवणार की झेप घेणार, हे त्याच्याकडे बघूनच ओळखायचं.

आणि लातुरात नेमकं उलटं. तिथं माणसाकडं बघायची गरजच उरली नव्हती. १९८०च्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात रुजलेली सरावाची पद्धत पुढं लातूर पॅटर्न म्हणून महाराष्ट्रभर गाजली. त्या पद्धतीशी माझं भांडण नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायचे, कुठं अडतं ते शोधायचं, पुन्हा बसायचं. एक दुर्मीळ खवला मिळावा म्हणून मी त्याच डोंगरावर त्याच जनावरामागं जात होते, त्याचीही रीत हीच. माझा राग आहे तो यादीवर. मी ज्या खासगी क्लासला जायचे तिथं चाचणीचा निकाल दारावर लागायचा आणि क्रमांकाप्रमाणं बाकं बदलायची. मागच्या बाकावरून फळा नीट दिसायचा नाही. म्हणजे ज्याला कळत नव्हतं त्यालाच लांब बसवायचं. बाहेर चौकात पहिल्या आलेल्यांचे चेहरे फ्लेक्सवर, घराएवढे. आजही बसमधून लातूरच्या चौकातले ते फ्लेक्स दिसले की मी दुसऱ्या खिडकीकडं बघते. कितीही वय झालं तरी हा राग मी सोडणार नाही.

आईला मात्र यादी बघावी लागत नसे. मी जिना चढून आले की ती ताट वाढता वाढता एकदा बघायची आणि त्या दिवशी अभ्यासाचं नाव काढायची नाही. कुट-कूचे कान जिला दिसले, तिला माझे दिसत नसतील असं कसं होईल?

इथं नांदेडची एक गोष्ट मध्येच येते. तिचा खेळाशी काही संबंध नाही. गुरू गोविंदसिंगांचा शेवटचा काळ १७०८मध्ये नांदेडात गेला. शहराजवळ गोदावरीकाठी शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. तिथं गुरुजी शिकारीला येत, असं सांगतात. त्या जागेची कथा अशी की तिथं त्यांनी एक ससा मारला. तो ससा पूर्वजन्मी सियालकोटचा मूला खत्री होता. गुरू नानक दारी आले तेव्हा तो लपून बसला होता, आणि नंतर कितीतरी जन्म घेत घेत सशाच्या जन्माला येऊन पोचला होता. गुरूंच्या हातून मरण आलं आणि त्याची सुटका झाली. लहानपणी शाळेच्या सहलीत ही कथा ऐकली तेव्हा मला फक्त सशाची दया आली होती. अजूनही थोडी येते. पण हे मानावं लागतं की त्या कथेतल्या शिकाऱ्यानं ससा कोण आहे ते आधी ओळखलं आणि मग बाण सोडला.

त्या रात्री मी कुट-कूला सोडलं नाही. घरट्यात गाठलं आणि मारलं. आई कूस बदलून झोपली. पुढं कळलं की खेळात जनावर जिवंत धरायचीही सोय आहे. ते लंगडायला लागलं की सापळा लावायचा, अडकलं की गुंगीचे दोन गोळे फेकायचे. शिकार पुरी झाल्याचाच शिक्का बसतो. मी मोठ्या उत्साहानं आईला करून दाखवलं. तिनं सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "मग आता नेतात कुठं त्याला?"

मी सगळी पुस्तिका धुंडाळली, गावातल्या सगळ्या पात्रांशी बोलून पाहिलं. मला उत्तर सापडलं नाही. बक्षीस मिळतं, खवले मिळतात. जनावर कुठं जातं ते खेळ सांगत नाही.

बारावीनंतर मी बी.फार्म.ला गेले. पीएसपी मागं पडला, सोनीनं तो बनवणंही २०१४मध्ये थांबवलं. जपानात या मालिकेचे खेळ लाखोंनी खपले. चौघं चौघं एकत्र बसून, यंत्राला यंत्र जोडून शिकारीला जात. मी एकटीच जायचे. माझा जोडीदार पुठ्ठ्यानं वारा घालत बसलेला असायचा. २०२३ला या मालिकेचा खेळ फोनवर आला. रस्त्यानं चालायचं, फोनमध्ये जनावर दिसेल, आणि पंचाहत्तर सेकंदांत शिकार उरकायची. औषधाच्या दुकानातून घरी येताना मी तो काही दिवस खेळले. पंचाहत्तर सेकंदांत कुणाच्या कानांकडं बघून होत नाही. काढून टाकला.

मग २०२४च्या डिसेंबरात खरा वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघून शेकडो किलोमीटर चालत तो धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात पोचला. मधला सगळा मुलूख शेतांचा, रस्त्यांचा, गावांचा. आमच्या मराठवाड्यात वाघ म्हणजे देवीच्या चित्रातला. लोक घाबरले, जनावरं मारली गेली, आणि वन खात्याची पथकं त्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन धरायला निघाली. ठसे बघायचे, कॅमेरे लावायचे, वाट बघायची. महिनोन्महिने तो हाती लागला नाही. मला सारखा खेळातला टायग्रेक्स आठवत होता, पिवळ्या अंगावर निळे पट्टे असलेला. बर्फाच्या डोंगरावर दुसऱ्याच कामाला पाठवतात आणि तिथं हा समोर उभा राहतो. त्या वेळी शहाणा शिकारी एकच गोष्ट करतो, पळतो.

आई टीव्हीवरच्या बातम्या बघत होती. तिनं तोच प्रश्न विचारला, "धरून नेणार कुठं त्याला?" या वेळी माझ्याजवळ उत्तर होतं. सह्याद्रीच्या व्याघ्र प्रकल्पात सोडायचा विचार आहे, असं मी सांगितलं. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं, तिथं त्याचं कसं भागणार? आई म्हणाली, "एवढं चालत आला म्हणजे त्याला काही पाहिजे असंल की. ते कोण बघणार?"

सध्या माझा भाचा लातूरला आहे, नीटच्या तयारीला. त्याची आई नोकरी करते, त्यामुळं तो होस्टेलवर. रोज रात्री त्याला फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "किती पडले?" तो आकडा सांगतो आणि फोन संपतो. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, "काय खेळतोस रे सध्या?" आधी तो गप्प. मावशी चहाडी करणार, असं वाटलं असावं. मग सुरू झाला तो थांबेना. कुठला नकाशा, कोण जोडीदार, कुठं अडलाय. बोलता बोलता मध्येच म्हणाला की रात्री झोप लागत नाही. हे त्यानं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण हे कुणी विचारलंच नव्हतं.

तुमचं पोरगं लातूरला असेल, नांदेडला असेल, कोट्याला असेल, तर एवढं करा. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नका. काय खेळतोस, ते विचारा, आणि सांगायला लागलं की मध्ये तोडू नका. जमलं तर महिन्यातून एकदा जाऊन या. आणि गेल्यावर आधी निकालाचा कागद मागू नका.