माळवदानंतरचं छप्पर

मे महिन्यात चारठाण्यातल्या कुठल्याही नव्या घरात रात्री अकराला जा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणातल्या बाजेवर कुणीतरी निवांत घोरत असतं आणि आतली खोली मात्र तापलेलीच. कूलर नुसती दमट हवा फिरवतो. दिवस मावळताना घरोघरी बादल्या वर नेऊन स्लॅबवर पाणी मारतात. पाणी पडलं की वाफ उठते आणि थोड्या वेळात स्लॅब पुन्हा कोरडा. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात मे महिन्यात पाण्याची काय किंमत असते हे ठाऊक असलेल्याला ही उधळपट्टी वाटेल. पण लेकरांना झोप लागायची तर करणार काय?

घरं आखून देणं हा माझा धंदा. लोक नकाशा बघताना देवघर कुठे, जिना कुठल्या अंगाला, पुढून घर कसं दिसेल, सगळं विचारतात. छपराबद्दल एकच प्रश्न असतो: गळणार तर नाही ना?

स्लॅब गळत नाही, हे त्याचं मोठेपण. पण चार-पाच इंच काँक्रीटमधून उष्णता पक्क्या विटेच्या साधारण दुप्पट सहजतेने जाते. दुपारी बाराचं ऊन तिसऱ्या प्रहरी आत पोचतं आणि मग मध्यरात्रीपर्यंत वरून उतरतच राहतं. हातात धरायचा, लांबूनच तापमान सांगणारा एक थर्मामीटर मिळतो. मी तो ग्राहकाच्या हातात देतो आणि त्याच्याच घरात छताकडे रोखायला सांगतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला आकडा चाळिशीच्या पुढे दिसतो. मग पुढचं बोलणं सोपं जातं.

उलट डिसेंबरात. परभणी म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी आता काही नवलाची राहिली नाही. 2018च्या डिसेंबराच्या शेवटच्या दिवसांतली थंडी तर इथे अजून सांगतात. निरभ्र रात्री उघडा स्लॅब आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि पहाटे खालच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आखडतात. जो स्लॅब मेमध्ये छळतो, तोच डिसेंबरात छळतो. कारण एकच: आत आणि बाहेर यांच्यामध्ये अडवणारं काही नाही.

जुन्या घरांत ते होतं. आमच्या भागातलं माळवद ज्यांनी आतून पाहिलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सर, सरांवर लाकडी चिरफळ्यांची किलचण दाटून बसवलेली, तिच्यावर कडुलिंबाचा पाला आणि त्यावर फूटभर पांढरी माती, थोडी थोडी ओतून, धोपटून, पन्हाळीकडे उतार देऊन. भिंती दोन-दोन फुटांच्या. त्यांतच कोनाडे, देवळ्या, धान्याचं बळद. उजेडाला वर एक सवणं, पावसाळ्यात त्यावर झाकण. अशा घरात ऊन भिंतीतून आत यायला निघतं तोवर बाहेर रात्र झालेली असते, आणि रात्रीच्या गारव्याने ते वाटेतच परत फिरतं. गावातल्या हेमाडपंती देवळांचंही तेच. बाहेरच्या उंच मानस्तंभाकडे दुपारी मान वर करून बघवत नाही, पण गोकुळेश्वराच्या गाभाऱ्यात शिरलं की घाम तिथेच विरतो. काळ्या पाषाणाची ती जाडी उन्हाला तासन् तास रोखून धरते.

मग माळवद परत आणा, असं शहरातून आलेले काही हौशी लोक मला सांगतात. मी नाही म्हणतो, आणि का ते आकड्यात सांगतो. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास ओझं. त्यात दर पावसाळ्याआधी नव्या मातीची भर. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. दगडमातीच्या जाड भिंती बाहेर फुटल्या, वरची माती आत कोसळली. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्याने माळवदाखाली झोपणं मनातून सोडून दिलं आणि कुणी स्लॅब टाकला, कुणी पत्रे. ते बरोबरच होतं. 2024च्या मार्चमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5चा धक्का बसला तेव्हा परभणीतही माणसं घराबाहेर धावली. अशा मुलुखात डोक्यावर टनावारी माती घेऊन गारवा मिळवणं मला पटत नाही, मग ते घर फोटोत कितीही देखणं दिसो.

माळवदाने दोन कामं एकदम केली होती: ऊन अडवणं आणि ऊन जिरवून उशीर करणं. स्लॅब टाकताना आपण ओझं कमी केलं, ते ठीक. पण अडवण्याचं काम कुणाकडेच सोपवलं नाही.

ते काम आता हलक्या वस्तूला देता येतं. आठवडी बाजारात बर्फाची लादी भुसा आणि गोणपाटात गुंडाळून आणतात. बर्फाला ऊब आणायला कुणी पोतं पांघरत नाही. घराच्या डोक्यावर तेच करायचं. मी दोन इंच जाडीचे एक्सपीएसचे बोर्ड वापरतो. थर्माकोलचाच भाऊ, पण घट्ट आणि पाणी न पिणारा. त्याच दहा बाय बाराच्या खोलीवर त्यांचं वजन अठरा-वीस किलो. छपरातून किती उष्णता जाते ते मोजायचा जो आकडा आम्ही काढतो, तो नुसत्या स्लॅबसाठी साडेतीनच्या आसपास येतो, माळवदासाठी माझ्या हिशेबाने सव्वाच्या जवळ, आणि या बोर्डांसह साधारण 0.5वर. केंद्राच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’त छपराला 1.2ची मर्यादा घातली आहे. पण ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. आमच्या गल्लीतल्या घराला ती विचारायला येत नाही.

गवंड्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला. “साहेब, थर्माकोल घरावर? गणपतीची आरास करायची का?” काम मात्र त्याने नीट केलं, आणि यात खरी मेख कामातच आहे. स्लॅबला आधी उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग बोर्ड. सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे चुकवायचे. वर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर कोंबडी जाळी घालून दोन इंचांचा कोबा आणि शेवटी पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. बोर्ड उघडा राहिला तर ऊन त्याला खातं आणि उंदीर पोखरतात. टाकीची आणि डिशची जागा आधी ठरवायची. नंतर कुणीतरी येऊन ड्रिल मारतो आणि सगळ्या थरांना भोक पाडून जातो.

आणि थर वरूनच हवा. पुष्कळ जण खालून पीओपीचं छत करून घेतात. त्याने खोली सुबक दिसते, पण स्लॅब उन्हात तसाच तापत-आक्रसत राहतो आणि भेगा पडतात. बाहेरून पांघरलं तर स्लॅब खोलीच्या बाजूला येतो. रात्रीचा गारवा पिऊन तो दिवसभर पुरवतो. देवळाचा दगड जे करतो ते थोड्या प्रमाणात तोही करतो.

नॉर्वेच्या खडकाळ, वाऱ्याच्या किनाऱ्यावरही जुन्या घरांच्या छपरावर माती असे. खाली भूर्ज झाडाच्या सालीचे थर आणि वर गवताची ढेकळं. आमच्या माळवदावरही श्रावणात गवत उगवायचंच. त्यांनीही ते ओझं पुढे उतरवलं, पण जागा रिकामी ठेवली नाही. आता तिथल्या घरांच्या भिंतीत फूटभर खनिज लोकर असते. जर्मनीत डार्मश्टाटला 1991 साली पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं, जवळजवळ शेगडीशिवाय हिवाळा काढणारं. आपल्याकडच्या एलिव्हेशनवाल्यांनी तिकडच्या घरांची मोठमोठी काचेची तावदानं तेवढी उचलली, लोकर तिथेच राहिली. पश्चिमेला आठ फुटी सरकती काच लावून वर एसी मागणारे ग्राहक मला भेटतात. त्यांना मी काच पूर्वेला नाही तर उत्तरेला न्यायला सांगतो. निम्मे ऐकतात.

थर घातला म्हणून काम संपत नाही. माणसांची, चुलीची, टीव्हीची ऊब आत साचते. ती रात्री बाहेर काढावी लागते. दिवेलागणीनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, सकाळी नऊच्या आत बंद. “ऊन चढायच्या आत दारं लोटा गं,” हे आमच्या घरी आजी रोज ओरडायची. नवीन घरात हे कुणी पाळत नाही, कारण स्लॅबखाली पाळून उपयोगच होत नव्हता. वरून थर आला की पुन्हा होतो.

घरकुलाचं गणित मात्र वेगळं. पंतप्रधान आवासच्या 1 लाख 20 हजारांत 25 चौरस मीटरचं घर उभं करताना माणूस बोर्ड कुठून आणणार? तिथे मी पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात देतो, दरवर्षी मार्चअखेर. तेवढ्यानेही फरक पडतो, डिसेंबरात मात्र नाही. छपरावरच्या थराचे पैसे घरकुलाच्या रकमेत वेगळे धरले पाहिजेत, शौचालयाचे धरतात तसे. हे मी ग्रामसभेतही बोललो आहे.

ज्यांच्या हातात थोडे पैसे आहेत त्यांना एवढंच सांगणं: एका खोलीवरच्या या थराला एसीच्या किमतीपेक्षा कमी खर्च येतो आणि त्याला वीजबिल येत नाही. यंदा स्लॅब टाकणार असाल तर दर्शनी भिंतीच्या टाइल्स पुढल्या वर्षी लावा. कोबा घालायच्या आधी गवंड्याला थांबवा आणि बोर्ड मागवा.