शेहेराझादचा वरचा सूर

रॉकमध्ये ऑपेराच्या ढंगाचा गळा आणायचा ठरला की बहुतेक बँड आधी सगळंच मोठं करून टाकतात. गिटार मोठी, ड्रम मोठे, मागे कोरस, आणि या सगळ्याच्या वर तार सप्तकात गाणारी बाई. ऐकणारा दबून जातो, आणि खरं तर गाणारीही दबते. ‘रेनेसान्स’ या इंग्लिश बँडच्या ‘शेहेराझाद अँड अदर स्टोरीज’ (१९७५) या अल्बमकडे मी वर्षानुवर्षं परत येतो, ते त्यांनी गळ्यासाठी जागा मोकळी केली म्हणून. रॉक बँडचा मानबिंदू असलेली इलेक्ट्रिक गिटार त्यांनी बाजूला ठेवली.

हे धाडस केवढं होतं, ते त्या काळाकडे पाहिलं की कळतं. प्रोग्रेसिव्ह रॉक तेव्हा ऐन भरात होता आणि बँडची ओळख बहुधा गिटारवाल्याच्या बोटांवर ठरायची. रेनेसान्सचा जन्मही ‘यार्डबर्ड्स’ या गिटारवाल्यांच्याच बँडमधल्या कीथ रेल्फ आणि जिम मॅकार्टी यांच्या हातून १९६९ मध्ये झालेला. हा अल्बम आला तेव्हा मात्र त्या पहिल्या संचातलं कुणीच उरलं नव्हतं. आता संगीताची मुख्य धुरा मायकेल डनफर्डकडे होती, आणि तो वाजवायचा अकूस्टिक गिटार. १९७३ च्या ‘अ‍ॅशेस आर बर्निंग’मध्ये इलेक्ट्रिक गिटारसाठी त्यांनी ‘विशबोन अ‍ॅश’च्या अँडी पॉवेलला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. इथे तसा पाहुणाही नाही.

गिटार गेल्यावर मधल्या पट्ट्यात जी पोकळी राहिली, ती कुणी एकानं बळकावलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जॉन टाउटचा पियानो तिथे येतो आणि सरकतोही. जॉन कॅम्पचा बास तर सतत चालींमध्ये बोलत असतो. एरवी तळाशी राहून ताल धरणारं हे वाद्य इथे वर चढतं, गायिकेला उत्तर देतं, तिच्या दोन ओळींमधल्या जागेत स्वतःची धून गाऊन घेतं. हेडफोन लावून नुसता बासच ऐकावा. एक वेगळाच अल्बम सापडतो.

आणि मग तो आवाज. अ‍ॅनी हॅस्लम, जन्म १९४७, लँकशायरमधल्या बोल्टनची. सिबिल नाइट या ऑपेरा गायिकेकडे ती शिकली, आणि १९७१ मध्ये एका संगीत-साप्ताहिकातली जाहिरात वाचून या बँडमध्ये आली. पाच सप्तकांचा आवाका, असं तिच्याबद्दल नेहमी सांगतात. मला आवाक्याचं तितकं अप्रूप नाही. ती वर कशी पोचते, हे ऐकण्यासारखं आहे. ऑपेराचा गळा मायक्रोफोनच्या आधी घडला. अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, म्हणून त्यात भरीवपणा येतो आणि स्वराला ठळक कंप येतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांतल्या गायक नटांनाही हीच गरज होती. अ‍ॅनीकडे ऑपेराची तालीम आहे, पण समोर मायक्रोफोन आहे. त्यामुळे ती श्वास आणि उंची ऑपेराकडून घेते, आणि स्वर मात्र लोकगीत गाणाऱ्या मुलीसारखा सरळ, स्वच्छ लावते. म्हणूनच तिला सरसकट ऑपेरा गायिका म्हणणं मला पटत नाही. तिच्या गळ्यात दोन परंपरा भेटल्या आहेत आणि त्यांचा सांधा कुठे दिसत नाही.

‘ट्रिप टू द फेअर’ हे पहिलंच गाणं पुरावा म्हणून पुरेसं आहे. आधी बराच वेळ एकटा पियानो. मग शब्दांवाचून नुसता आकार. जत्रेला गेलेली मुलगी, आणि जत्रेत कुणीच नाही, अशी ही गोष्ट. संगीतकार रॉय वुडबरोबर अ‍ॅनी पहिल्यांदा फिरायला गेली तेव्हा हॅम्पस्टेड हीथवरची जत्रा बंद होती, त्या संध्याकाळवरून बेटी थॅचरनं हे शब्द रचले. बेटी बँडबरोबर नसायची. ती कॉर्नवॉलमध्ये राहायची आणि तिचे शब्द टपालानं यायचे. इतक्या लांबून लिहिलेले शब्द गाणारीच्या तोंडात असे चपखल बसावेत, याचं मला अजून नवल वाटतं. तीन मात्रांचा तो झोका मध्येच जॅझकडे कलतो आणि पुन्हा जत्रेत येतो, तेव्हा बाजू बदलल्याचं जाणवतही नाही.

‘द व्हल्चर्स फ्लाय हाय’ लहान आणि चपळ आहे. माझं मन तिथे फार रमत नाही. ‘ओशन जिप्सी’ मात्र ऐकावंच. १९९७ मध्ये ‘ब्लॅकमोर्स नाइट’नं ते पुन्हा गायलं, तेही चांगलं आहे, पण अ‍ॅनीच्या स्वरातला एकटेपणा तिथे हाती लागत नाही.

तबकडीची दुसरी बाजू ‘साँग ऑफ शेहेराझाद’ या एकाच रचनेनं भरली आहे, चोवीस मिनिटांहून अधिक. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा सोबतीला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे मराठी वाचकाला ही कथा घरचीच: सुलतानाची रोज एक नवी नवरी, रोज सकाळी तिचा वध, आणि गोष्टी सांगत जीव वाचवणारी शेहेराझाद. रिम्स्की-कोर्साकोव्हनं १८८८ मध्ये याच कथेवर ऑर्केस्ट्रासाठी रचना केली आणि शेहेराझादचा आवाज एकट्या व्हायोलिनला दिला. रेनेसान्सनं त्याचं ऋण काही भागांच्या नावांतून उघड मानलं आहे, पण रचना स्वतःची केली, आणि व्हायोलिनला दिलेली ती जागा माणसाच्या गळ्याला परत दिली. कथेचा न्याय पाहिला तर हेच योग्य होतं. त्या बाईकडे जीव वाचवायला आवाजाशिवाय दुसरं होतं तरी काय?

इथे बँडचा संयम कसाला लागतो. ऑर्केस्ट्रा हाताशी आला की अनेक बँड त्याचा गालिचा अंथरून ठेवतात. या रचनेत सुलतानाचा दरारा ऑर्केस्ट्रा आणतो, प्रेमाची धून पियानो एकट्यानं सांगतो, आणि ‘फ्यूग फॉर द सुलतान’मध्ये एकाच धुनेचा वेगवेगळी वाद्यं एकामागून एक पाठलाग करतात. काही जोड कच्चे आहेत. उत्सवाच्या तयारीचा भाग मला लांबलेला वाटतो, तिथे गोष्टीपेक्षा देखावा जास्त आहे. पण फ्यूगमधली ती शिस्त ऐकली की त्या लांबणीबद्दल तक्रार उरत नाही.

शेवटच्या भागात ऑर्केस्ट्रा, ड्रम, मागचे सगळे आवाज मिळून शेहेराझादचं नाव घेतात. मोठं करायचं ते त्यांनी इथवर राखून ठेवलेलं असतं. एवढ्या गजरात कुठलाही गळा बुडाला असता. पण गेली वीस मिनिटं सगळ्यांनी तिला वाट दिलेली असते, आपल्या कानाला तिची सवय झालेली असते, आणि अ‍ॅनी त्या गजराच्या वरून जराही न ओरडता, पूर्ण भरलेल्या श्वासानं शेवटच्या स्वरावर जाते. सुलतानानं हुकूम मागे का घेतला, ते मला तिथे पटतं.