तिसरीच्या वर्गातली मोठी माणसं

परमिट रूमचा पत्ता आपल्याकडे कुणाला विचारावा लागत नाही. लुकलुकणारी पाटी नाक्यावरूनच दिसते. १९४९चा दारूबंदी कायदा कागदोपत्री अजून जिवंत आहे, पिणाऱ्याकडे परवाना हवा असं तो म्हणतो, म्हणून हे भारदस्त नाव. आत परवाना कोण किती विचारतो, ते सोडा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग मात्र शोधावी लागते. शाळा सुटल्यावर, दुकानांची शटर खाली येऊ लागल्यावर कुठल्या तरी पालिकेच्या शाळेत नाहीतर चर्चच्या मागच्या खोलीत ती भरते. आम्हाला दादासाठी पत्ता वहिनीच्या डॉक्टरांनी दिला. त्यांनी आधी एक बजावलं होतं: रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करायची नाही. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, जीवावर बेततं. ते आधी दवाखान्यात निस्तरायचं, मग मीटिंग.

ती ओपन मीटिंग होती, म्हणजे घरच्यांनाही चालते. क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच. सोडायची इच्छा, एवढीच सभासद होण्याची अट. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव नाही. वर्ग तिसरीचा. बाक इतके बुटके की दादाचे गुडघे फळीला टेकत होते. भिंतीवर ‘ग गणपतीचा’, आणि त्याखाली खाकी शर्टातला एक रिक्षावाला, इस्त्रीच्या कपड्यातले एक निवृत्त साहेब आणि कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला वाटावा असा एक पोरगा. तिघं एकाच बाकावर, एकमेकांना सरकून जागा देत.

तिथे कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही, तसा तिथला शिरस्ता आहे. पण ते हसले कसे, ते सांगते. ज्या प्रसंगांवर आमच्या घरी महिनाभर अबोला धरला गेला असता, त्यांवर ती माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती, आणि सांगणाराही त्यांच्यात सामील. मग कुणी तरी बोलता बोलता अडकला की सगळा वर्ग गप्प. कुणी पाठीवर थाप मारत नाही, कुणी ‘मी सांगू का तुला’ म्हणत नाही. शेअरिंग संपलं की नुसतं ‘थँक यू’ आणि पुढचा माणूस. आमच्या घरात सल्ल्याचा दुष्काळ कधी पडला नाही. शपथा झाल्या, अंगारे झाले, पंढरीची माळ घालून झाली. माळेने सुटलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत, दादा त्यांतला नव्हता. न टोकता ऐकणारं माणूस तेवढं त्याला कधी मिळालं नव्हतं.

शेवटी एक कापडी पिशवी फिरली. मी पर्समधून नोट काढली, तर पिशवीवाल्याने हात मागे घेतला. ‘ताई, राहू द्या. बाहेरच्यांचे आम्ही घेत नाही.’ खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळं सभासदांच्या खिशातून.

नवा माणूस दारात दिसला की तिथल्या जुन्यांना कोण आनंद होतो! आधी मला तो आदरातिथ्याचा भाग वाटला. मग एएच्या जन्माची हकिकत वाचली. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा दलाल धंद्यात आपटी खाऊन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एकटा उभा होता. काही महिन्यांपूर्वीच सोडलेली दारू, आणि लॉबीच्या एका टोकाला बार. बारकडे जाण्याऐवजी त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्याला उपदेशक नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्या फोनांतून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसले, आणि जून महिन्यात त्यांनी शेवटचा घोट घेतला. म्हणजे पहिल्या मीटिंगची गरज बोलावणाऱ्याला होती. तिसरीच्या वर्गातही हिशोब तोच आहे. दादाला वाटत होतं आपण भीक मागायला आलोय, आणि समोरचे त्याच्या येण्यावर आपला आजचा दिवस निभावून नेत होते.

एएतलं ‘परमेश्वरावर सोपवा’ हे ऐकून दादा बिथरला. तो पक्का नास्तिक. एक वयस्क गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘मग या ग्रुपलाच मोठा मान ना.’ त्याला ते पटलं, सगळ्यांना पटेलच असं नाही. ज्यांना आधी दाखल होऊन उपचार हवेत त्यांच्यासाठी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पण तिथून घरी परतल्यावरही गटारी दरवर्षी येतेच. त्या रात्री आमच्या शाळेतल्या वर्गात बसायला जागा नसते.

मधे दादा घसरला. त्याही आठवड्यात वहिनीने तिची मीटिंग चुकवली नाही. तिची म्हणजे अल-अ‍ॅनॉनची, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. बिलच्याच बायकोने, लोइसने, १९५१ मध्ये तिची घडी बसवली. तेव्हा घरात कुणी पीत असेल आणि मीटिंगला यायला तयार नसेल, तर त्याच्या तयार होण्याची वाट पाहत बसू नका. तुम्ही जा.