अ‍ॅव्हरेज किती देते?

पप्पांचा फोन दर रविवारी सकाळी यायचा आणि त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असायच्या. आई बरी आहे. नळाला पाणी कमी येतंय. आणि गाडी अकरा देतेय.

अकरा म्हणजे लिटरला अकरा किलोमीटर. गाडी 2012 ची, छोटी, पेट्रोलवरची. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण या गोष्टीत कंपनीचा काही दोष नाही. पहिली दहा वर्षं हीच गाडी सोळाच्या खाली कधी उतरली नव्हती.

"पप्पा, बारा वर्षं झाली तिला. विकून टाका." मी बंगळुरूहून ठरलेलं उत्तर द्यायचे.

"म्हातारी झाली म्हणून जास्त खाईल होय? म्हातारी माणसं कमी खातात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर असायला हवं होतं. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. वर्गात साठ मुलं आणि आम्ही पाच मुली. ऑटो सायकलचा पीव्ही डायग्राम मी झोपेत काढू शकायचे. कॅम्पसला सॉफ्टवेअरची कंपनी आली, मी गेले, आणि त्यानंतर इंजिन या वस्तूशी माझा संबंध ओला-उबरच्या मागच्या सीटपुरता उरला. चार वर्षांच्या शिक्षणात गाडीचं बॉनेट मी एकदाही उघडलं नव्हतं, हे साताऱ्यात कुणाला माहीत नाही. तिथे मी अजून 'इंजिनीअर' आहे, आणि इंजिनीअरच्या बापाची गाडी अकरा देते ही पप्पांच्या मते थोडी लाजेचीच बाब होती.

डिसेंबर 2024 मध्ये तीन आठवडे साताऱ्याला राहून काम करायची परवानगी मिळाली. म्हटलं, या वेळी बघूनच टाकू.

सुरुवातीचे दोन दिवस सोपे गेले. टायरमध्ये हवा 30 पाहिजे तिथे 22 होती. एअर फिल्टर झटकला तेव्हा अंगणात अख्खा जिहे-कटापूरचा रस्ता पडला. मागचं एक चाक फिरवून आल्यावर हात लावता येणार नाही इतकं तापत होतं, म्हणजे ब्रेक अर्धवट धरत होता; तो साफ करून घेतला. मग टाकी फुल्ल केली, 120 किलोमीटर फिरून त्याच पंपावर, त्याच नोझलखाली पुन्हा फुल्ल केली. बारा पूर्णांक एक. टाकी टू टाकी हिशोबाला थोडी फसवाफसवी असतेच, पण एवढी नाही. अजून चार किलोमीटर कुठेतरी गळत होते.

मग मी माझ्या ओळखीच्या प्रदेशात शिरले. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन सहाशे रुपयांत मिळतो. तो लावला की इंजिनचा कॉम्प्युटर काय काय बघतोय ते फोनवर दिसायला लागतं. हवा किती आत येतेय, पेट्रोल किती सोडलं जातंय, ऑक्सिजन सेन्सर काय म्हणतोय. मला अक्षरशः भरून आलं. बारा वर्षं जिच्याशी बोलता येत नव्हतं ती बाई अचानक लॉग्ज देत होती.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर धुराड्यात बसून उरलेल्या ऑक्सिजनवरून हे गणित जमलं की नाही ते सांगतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. आमच्या गाडीत मात्र तो बराच वेळ सेन्सरचं ऐकतच नव्हता. आपल्याच हिशोबाने जास्तीचं पेट्रोल सोडत होता. एरर कोड एकही नाही. मी निष्कर्ष काढला: सेन्सर खराब. नवा सेन्सर, मजुरीसकट 3,400 रुपये. पुन्हा टाकी टू टाकी. बारा पूर्णांक दोन.

पप्पांनी डायरी काढली आणि माझ्यासमोर लिहिलं: 'सेन्सर 3,400. फरक नाही.'

ही डायरी सांगायला हवी. पप्पा पाटबंधारे खात्यात हिशोबनीस होते. गाडी घेतल्याच्या दिवसापासून टाकलेलं प्रत्येक लिटर त्यात आहे: तारीख, मीटरवरचे किलोमीटर, लिटर, भाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बँकेने फुकट दिलेल्या अशा तीन डायऱ्या. मी लहानपणापासून या डायऱ्यांची टिंगल करत आलेय. त्या संध्याकाळी लक्षात आलं की माझ्यासमोर बारा वर्षांचा, एकही नोंद न चुकलेला डेटा पडलाय आणि मी सहाशे रुपयांच्या डोंगलवर नाचतेय.

आमच्याकडे एखादी गोष्ट आधी चालत होती आणि आता चालत नाही असं झालं, की आम्ही 'का' हे आधी विचारत नाही. 'कधीपासून' हे विचारतो. जुनं चालणारं व्हर्जन आणि नवं बिघडलेलं व्हर्जन घ्यायचं, मधलं उघडायचं, ते चालतंय का बघायचं, मग पुन्हा अर्ध्यात भाग. हजार बदलांमधला गुन्हेगार दहा पावलांत सापडतो. मी दोन रात्री बसून डायऱ्या स्प्रेडशीटमध्ये उतरवल्या आणि आलेख काढला.

गाडी हळूहळू म्हातारी झाली असती तर रेघ उतरती दिसली असती. तशी ती नव्हतीच. 2012 पासून मे 2022 पर्यंत सोळाच्या आसपास सपाट. मग एक पायरी. 7 मे 2022 च्या नोंदीला 16.3. 28 मेच्या नोंदीलाही जवळपास तेवढंच. 18 जूनला 12.6. त्यानंतर पुन्हा कधीच तेरा नाही. 28 मेच्या शेऱ्यात तीन शब्द: 'खंबाटकी. मजुरी 850.'

आणि तिथे माझी नजर पायरीवरून तारखांवर सरकली.

26 मार्च. 16 एप्रिल. 7 मे. 28 मे. 18 जून. 9 जुलै. बरोबर एकवीस-एकवीस दिवस. दोन नोंदींमध्ये अडीचशेच्या पुढे किलोमीटर. सातारा ते पुणे एकशे दहा, परत एकशे दहा.

आईच्या केमोच्या तारखा मला पाठ आहेत. सहा सायकल, दर एकवीस दिवसांनी, पुण्याला. मी त्या सहापैकी दोनदा तिथे थेट हॉस्पिटलमध्ये पोचले होते आणि तिथूनच बंगळुरूला परत फिरले होते. नवी नोकरी होती, प्रोबेशन होतं. ही कारणं तेव्हा खरी होती आणि आता ती लिहिताना फार बारीक दिसतात. मी कॅबचे पैसे पाठवायचे. प्रत्येक वेळी चार हजार. "कॅब केली ना?" "केली." असं संभाषण व्हायचं.

कॅब कधीच केली नव्हती. सहाही वेळा पप्पांनी गाडी चालवली होती, तेव्हा त्यांचं वय चौसष्ट. आणि ते मला एका पेट्रोलच्या हिशोबातून कळत होतं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"कॅबने का नाही गेलात?"

तिने वर बघितलं नाही. "येताना उलट्या व्हायच्या गं. परक्या माणसाच्या गाडीत कसं वाटतं? एकदा थांबवा म्हणायचं, दोनदा म्हणायचं. हे असले की सांगावं लागायचं नाही."

मग खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याला येताना तेव्हा हा घाट चढावा लागायचा. जाताना बोगदा होता, येताना चढ. मे महिन्यातली दुपार, ट्रकांची रांग, एसी चालू, पहिल्या गिअरमध्ये रखडत गाडी. काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ. आई रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या सावलीत, डोक्याला ओढणी गुंडाळून दोन तास बसली. केस गेलेले होते आणि जाणारा-येणारा बघत होता. हे ती सांगत नव्हती. तिने फक्त "ऊन फार होतं" एवढंच सांगितलं. ओढणीचं मला पप्पांकडून नंतर कळलं.

"मग गाडी सुरू कशी झाली?"

"खालून एक पोरगा आला स्कूटरवरून. त्याने काय केलं काय की. काहीतरी काढून यांच्या हातात दिलं."

पप्पा बाहेर पेपर वाचत होते. मी विचारल्यावर काही न बोलता उठले, डिकीतला टूलकिट काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. मोठ्या नाण्याएवढी चकती, मध्ये स्प्रिंग आणि पितळेची बोंडी. हिशोबनीस माणूस काही फेकत नाही.

तो थर्मोस्टॅट होता. मी त्याच्यावर पाच मार्कांची टीप लिहिलेली आहे. हातात पहिल्यांदाच घेत होते.

त्या बोंडीत मेण असतं. इंजिन थंड असताना हा दरवाजा बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनभोवतीच फिरतं आणि लवकर तापतं. ब्याऐंशी अंशांच्या सुमाराला मेण वितळतं, फुगतं, दरवाजा ढकलतं. ना वायर, ना कॉम्प्युटर. हा काढून टाकला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी नीट तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कॉम्प्युटर सकाळी गाडी सुरू करताना देतो तसं जास्तीचं पेट्रोल देत राहतो. त्याच्या दृष्टीने आमच्या गाडीची अडीच वर्षं सकाळच होती. सेन्सर बिचारा निर्दोष. माझे 3,400 निव्वळ अज्ञानाचे.

खरी लाज पुढे आहे. डोंगल लावल्यापासून पाण्याचं तापमान माझ्या फोनवर पहिल्याच ओळीत दिसत होतं. गावात पन्नासच्या आत-बाहेर, हायवेला 58. नव्वदच्या आसपास हवं. दोन आठवडे मी तो आकडा बघत होते आणि मनात 'वा, गाडी तापत नाही' म्हणत होते. डॅशबोर्डवरचा काटाही खालीच. खाली असलेला काटा कुणाला आजार वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. त्या पोराने रेडिएटरचा फॅनही 'डायरेक्ट' केला होता, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू, गरज असो वा नसो. मुळात रिले गेल्यामुळे फॅन बंद पडला होता, म्हणून गाडी तापली होती. साताऱ्याचे मेकॅनिक माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पप्पांकडे बघून देत होते, पण त्या पोराला त्यांनी नावं ठेवली नाहीत. "घाटात पार्ट कुठला मिळणार, काका? त्याने पेशंट घरी पोचवला." मलाही ते पटलं. आमच्या कोडमध्ये 'तात्पुरतं, नंतर काढणे' असा शेरा असलेल्या कितीतरी ओळी माझ्या नोकरीपेक्षा जुन्या आहेत. त्यातल्या दोन मी लिहिल्यात.

फक्त एक प्रश्न उरला होता. पप्पांनी नंतर तो परत का बसवून घेतला नाही?

मी हिशोब करूनच गेले होते. त्या दिवसापासून 11,400 किलोमीटर. सोळाच्या हिशोबाने लागलं असतं सातशे लिटर, लागलं जवळपास हजार. जाऊ दे, थोडं टायरमुळे, थोडं मंडईपर्यंतच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे. तरी पंचवीस-तीस हजारांचं पेट्रोल. आणि 28 मे 2022 ला तर पेट्रोल जेमतेम 120 वरून खाली आलेलं.

"तुम्हाला माहीत होतं याच्यामुळे जास्त जातं?"

"तो पोरगा म्हणाला होता, थोडं जास्त पिईल."

"मग बसवून का नाही घेतला?"

"त्यानंतर गाडी तापली का कधी?"

"नाही."

"मग."

आणि तरीही दर रविवारी ते मला अकरा देतेय म्हणून सांगत होते. हे कोडं मी सोडवलेलं नाही. आकडा बिघडला की नोंद करायची, ही सवय असेल. किंवा मी विचारावं असं वाटत असेल. मी विचारलं नाही.

नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट, रिले, कूलंट आणि फॅनची वायर पूर्ववत, सगळं मिळून सेन्सरपेक्षा कमी पैशांत झालं. पुढची टाकी 14.8. सोळा नाही, गावातल्या फेऱ्या आहेत तोवर सोळा येणारही नाही. पप्पांनी लिहिलं, '14.8', आणि पुढे शेरा नाही. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. काटा आता मधोमध यायला लागला होता आणि गाडी चालवताना ते रस्त्याइतकंच त्याच्याकडे बघायला लागले होते. मी सांगितलं, मधोमध म्हणजे बरोबर. ते हो म्हणाले आणि एसी बंद केला.

मार्चमध्ये आईच्या तपासणीला आम्ही तिघं पुण्याला गेलो. रिपोर्ट चांगले आले. परतताना पप्पाच चालवत होते, मी शेजारी, आई मागे. खंबाटकीच्या पायथ्याला त्यांनी न बोलता एसी घालवला. मी फोन हातात धरला होता.

"किती?"

"एकोणनव्वद."

समोर दोन ट्रक एकमेकांना ओलांडायच्या प्रयत्नात. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, मग पहिल्या.

"किती?"

"ब्याण्णव." वळणावर: "पंच्याण्णव. आता फॅन लागेल, बघा."

ते काही बोलले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. मग पुढून घुंई आवाज आला आणि आकडा एकेक करून उतरायला लागला.

"अहो, एसी लावा की," आई मागून म्हणाली, "किती उकडतंय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"एक्याण्णव," मी म्हटलं.

त्यांनी एसी लावला.