नदीच्या नावाचं जहाज

"नदीच्या नावाचं जहाज होतं, एवढंच आबा सांगायचे." दापोलीजवळच्या एका घराच्या पडवीत पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई मला म्हणाल्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. घरात त्यांचा गणवेशातला एकच फोटो. टोपीच्या पट्टीवर 'एच.एम.आय.एस.' एवढीच अक्षरं. नाव पुसट झालं असेल, असं घरच्यांना वाटे. मुळात ते नव्हतंच. बंदरात कुठलं जहाज लागलंय हे रस्त्यावरच्या खलाशाच्या टोपीवरून शत्रूच्या हेराला कळू नये, म्हणून युद्धकाळात पट्टीवरून जहाजाचं नाव काढलेलं असे.

नौसैनिकांच्या घरच्यांना त्यांच्या जहाजाचा फोटो शोधून देणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून या नौदलात पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली, त्यामुळे कोकणात खलाशांच्या जुन्या पेट्या अजून निघतात. माझा पहिला नियम: आधी माणसाचे कागद, मग जहाज. कागदावर 'तलवार' दिसलं की लोक त्या नावाची बोट शोधत बसतात. तलवार ही कुलाब्यातली सिग्नल शाळा. १९४६ चा नाविकांचा उठाव तिथूनच सुरू झाला. नौदलात किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखंच नाव असतं.

आबांच्या पेटीत एक पदक होतं. फीत हिरवी, पांढरी, लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. हा इटली स्टार. म्हणजे गडी १९४३ च्या जूननंतर त्या बाजूला गेलेला. त्या जुलैत सिसिलीवर दोस्तांचं सैन्य उतरलं, तेव्हा नद्यांची नावं असलेली दोन हिंदी जहाजं तिथे होती, सतलज आणि जमुना. इथे माझा हात अडकला. दोन्ही स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनच्या डेनी गोदीत बांधलेली, दोन्ही १९४१ मध्ये सेवेत आलेली, दोन्हींवर चार इंची तोफांच्या तीन जोड्या. जुळ्या बहिणीच. लांबून ओळखायच्या तर कुशीवर रंगवलेल्या क्रमांकावरून: सतलज यू ९५, जमुना यू २१.

घरच्यांनी 'आबांचं जहाज' म्हणून एक फोटो आधीच फ्रेम करून देवघराशेजारी लावला होता. भिंतीवरून उतरवून मी भिंग धरलं. पाण्याच्या रेघेवर, थोडा अंधूक, आकडा होता २१.

पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, नौदलाचा दाखला सापडला. जहाजांच्या रकान्यात शाईनं लिहिलेलं: सतलज.

"पण दिसायला सारखीच ना? मग काय बिघडलं?" बाईंनी विचारलं. प्रश्न प्रेमाचा होता, आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. म्हटलं, "दोघी जुळ्या बहिणींपैकी आपली आई कोणती, हे लेकरानं विचारलं तर आपण काय सांगतो?" त्या गप्प झाल्या आणि फ्रेम त्यांनी माझ्या हातात दिली.

सतलजचा फोटो मिळाला तरी काम संपत नाही. तो कधीचा, हे बघावं लागतं. युद्धातल्या फोटोंवर सेन्सॉरचा हात फिरलेला असतो. डोलकाठीवरचं रडार निगेटिव्हवरच खरवडून टाकत, त्यामुळे तिथे आकाशाचा एक खोटा, गुळगुळीत तुकडा दिसतो. मला तो तुकडा दिसला की उलट भरवसा वाटतो, फोटो त्या दिवसांतला आहे. १९४८ नंतर 'यू' जाऊन 'एफ' आला. सतलज पुढे सर्वेक्षणाच्या कामाला लागली. ते जहाज तेच, पण आबांनी पाहिलेलं रूप ते नव्हे.

दोन महिन्यांनी यू ९५ घेऊन गेलो. बाईंनी चष्मा पुसला, फोटो मांडीवर घेतला. "आबा म्हणायचे, रात्रभर समुद्र कानाशी आपटायचा. ते निजायचे कुठे?"

अशा जहाजांत खलाशांच्या झोळ्या पुढच्या भागात, नाळेच्या आत टांगलेल्या असत. पाण्याच्या थोड्याच वर गोल खिडक्यांची एक ओळ होती, तिच्यावर मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हलकेच बाजूला केलं आणि तिथे आपला तळहात ठेवला.